सोलापुरात ध्रुव खाली असतो: मोटारीच्या माउंटची मांडणी आणि पोलर अलाइनमेंट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच कळेल. १५० मिलिमीटरची न्यूटोनियन दुर्बीण, नाभीय अंतर ७५० मिलिमीटर, खाली मोटारीचा इक्वेटोरियल माउंट, म्हणजे एका अक्षाभोवती फिरत दुर्बीण ताऱ्यांच्या मागे नेणारं बैठक-यंत्र. जागा जुळे सोलापूर, घराची गच्ची. उत्तर फोनच्या कंपासवर धरली आणि अक्षांशाची पट्टी एका व्हिडिओत पाहून १९ वर ठेवली. १० मिलिमीटरच्या आयपीसमध्ये शनी मधोमध आणला की साधारण पंधरा मिनिटांत तो वरच्या कडेला सरकून निघून जातो. फोटोत तारे रेघा होतात. काउंटरवेटचा (दुर्बिणीला तोलणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो. शेजारच्या इमारतीमुळे ध्रुव, म्हणजे ज्या बिंदूभोवती सगळं आकाश फिरताना दिसतं तो, दिसत नाही. तर माउंट परत करावा का, की पोलर अलाइनमेंटसाठी, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्यासाठी, वेगळा कॅमेरा घ्यावा?

दोन्ही करू नका. माउंट ठीक आहे, आणि हे मी तुम्हीच दिलेल्या आकड्यावरून सांगतोय.

तुमच्या आयपीसने ७५ पट मोठं दिसतं आणि साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमध्ये आकाशाचा सुमारे ४० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) तुकडा मावतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २० कला. मोटार बंद असती किंवा क्लच घसरत असता, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे शनी दर मिनिटाला १५ कला सरकला असता आणि ८० सेकंदांत दिसेनासा झाला असता. हँड कंट्रोलरवरचं उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण चुकलं असतं, तर मोटार उलटी फिरून तो ४० सेकंदांतच पळाला असता. तुमच्याकडे त्याला पंधरा मिनिटं लागतात. याचा अर्थ मोटार योग्य दिशेने, योग्य वेगाने फिरते आहे, फक्त ती फिरवते तो अक्ष ध्रुवाकडे नाही. अक्ष १ अंशाने चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला (६० विकला म्हणजे एक कला) सरकतो. पंधरा मिनिटांत २० कला म्हणजे मिनिटाला ८० विकला. भागाकार केला की चूक निघते ५ अंशांच्या आसपास. अक्षांशाच्या पट्टीतून यातला एक-दीड अंश आला. बाकी सगळी चूक कंपासची आहे.

गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया असतात, ट्रायपॉडचे पाय पोलादी असतात, माउंटमध्ये मोटारी असतात. फोनचा कंपास या सगळ्यांत कुठेही वळतो. फोन माउंटवर टेकवून उत्तर बघा आणि मग गच्चीच्या मधोमध उभं राहून हात लांब करून बघा. दोन वेगळ्या उत्तर दिशा मिळतील.

आता मूळ मुद्दा. व्हिडिओ, पुस्तिका, माउंटची घडण, हे सगळं ४० ते ५० अंश अक्षांशावर राहणाऱ्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. तिथे ध्रुव आकाशात अर्ध्यावर असतो. सोलापूर १७ अंश ४० कलांवर आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून मूठ धरली की अंदाजे १० अंश होतात, त्या हिशोबाने ध्रुव दोन मुठींच्याही खाली येतो. माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा झोपतो. तामिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेत २.३४ मीटरची दुर्बीण आहे, तिचा माउंटही इक्वेटोरियलच. तिथला अक्षांश साडेबारा, म्हणून तिचा अक्ष आपल्यापेक्षाही जास्त आडवा आहे. उलट जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत २७ अंशांनी चढते, कारण जयपूर तेवढं उत्तरेला आहे. त्या भिंतीची कड आणि तुमच्या माउंटचा अक्ष या एकाच गोष्टी आहेत, दोन्ही पृथ्वीच्या आसाला समांतर. आडव्या अक्षाचे आपले स्वतःचे त्रास असतात आणि तुमच्या दांड्याचं घासणं त्यातलंच एक.

पुस्तिकेत लिहिलेलं असतं की ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेकडे करा. ५० अंशांवर ते बरोबर आहे. तिथे काउंटरवेटचा दांडा पायाच्या बराच पुढे येतो. आपल्याकडे दांडा ओळंब्यापासून फक्त १७-१८ अंश उत्तरेला झुकतो, आणि ट्रायपॉडचा पायही जवळपास तेवढाच फाकलेला असतो. म्हणून दांडा नेमका पायावरच येतो. ट्रायपॉड अर्धा फिरवा: दोन पाय उत्तरेकडे, एक दक्षिणेकडे. दांडा दोन पायांच्या मधून मोकळा जातो आणि उत्तरेकडे झुकणाऱ्या वजनाला दोन पायांचा आधारही मिळतो. ट्रायपॉडच्या डोक्यावर एक छोटा खुंटा असतो, त्याच्या दोन बाजूंनी आडवे स्क्रू दाबून माउंट डावी-उजवीकडे सरकवतात. पाय फिरवले की हा खुंटा चुकीच्या बाजूला जातो. बऱ्याच ट्रायपॉडवर तो काढून समोरच्या भोकात बसवता येतो. तुमच्यावर दुसरं भोक नसेल तर एखाद्या लेथवाल्याकडून पाडून घ्या, काम छोटं आहे. पण माउंट उलटा बसवून वेळ मारून नेऊ नका.

दुसरा त्रास बोल्टचा. अक्ष आडवा झाला की दुर्बीण आणि वजनं टेकूपासून जास्त लांब लोंबतात. ५० अंशांवरच्या माणसाच्या तुलनेत आपल्याकडे माउंट उचलणाऱ्या बोल्टवर सुमारे दीडपट जोर येतो. म्हणून उंचीची मोठी जुळणी दुर्बीण आणि वजनं चढवण्याआधी करायची. समोरासमोरच्या दोन बोल्टपैकी एक सैल केल्याशिवाय दुसरा कधीही पिळायचा नाही. मी वाकलेले बोल्ट पाहिले आहेत, सगळे याच घाईतले. आणि शेवटची हालचाल नेहमी खालून वर अशीच ठेवा. वरून खाली आणून थांबलात तर मळसूत्रातली ढिलाई तशीच राहते आणि तासाभरात माउंट हळूच बसतो.

पाणसळ लावून ट्रायपॉड समतल करा, पण त्यात अर्धा तास घालवू नका. ट्रायपॉड थोडा तिरका असला तरी अक्ष ध्रुवाकडे असेल तर तारा जागचा हलत नाही. समतल करायचं ते एवढ्यासाठी की उंचीचा बोल्ट फिरवल्यावर अक्ष फक्त वर-खाली जावा, त्याबरोबर डावी-उजवीकडे ढळू नये.

गच्ची सोडून शेतावर जाणार असाल तर पायाखाली शहाबादी फरशीचे तीन तुकडे घ्या. एकदा ऑक्टोबरात तुळजापूर रस्त्याच्या बाजूला काळ्या रानात मी माउंट लावला होता. वरून माती वाळल्यासारखी दिसत होती. दहा वाजता अलाइनमेंट उत्तम होती, बाराच्या फोटोत प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. मला वाटलं गिअर बिघडला, म्हणून तासभर माउंट उघडून बसलो. शेवटी बॅटरी खाली मारली तर एक पाय दीड सेंटिमीटर मातीत रुतला होता. पायांमधलं अंतर पाऊण मीटर धरलं तर एवढ्याने माउंट एका अंशाहून जास्त कलतो. तेव्हापासून वीतभर फरशीचे तीन तुकडे गाडीच्या डिकीत कायम असतात.

हँड कंट्रोलरमध्ये रेखांश ७५ अंश ५४ कला पूर्व, अक्षांश १७ अंश ४० कला उत्तर, वेळेचा पट्टा अधिक ५:३०, आणि डेलाइट सेव्हिंग विचारलं तर नाही. तारखेत मात्र खरा धोका आहे. कंट्रोलर सिनस्कॅन असो की सेलेस्ट्रॉन, आधी महिना मागतात, मग दिवस. ५ डिसेंबर आपल्या सवयीने भरलात तर यंत्र १२ मे समजतं. मग ध्रुवतारा पोलरस्कोपमध्ये (माउंटच्या अक्षातून बघायच्या छोट्या दुर्बिणीत) कुठे ठेवायचा ते जवळजवळ समोरच्या बाजूला दाखवलं जातं आणि सव्वा अंशापर्यंतची चूक तुम्ही स्वतःच्या हाताने, अगदी काळजीपूर्वक, बसवून ठेवता.

आता उत्तर कशी धरायची. सोलापूरला सूर्यासारखा कंपास नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७५.९ वर, म्हणजे आपली मध्यान्ह सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी होते. वर्षभरात ती पुढे-मागे होते: फेब्रुवारीच्या मध्याला १२:४० च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या सुमारास, नाताळात जवळपास बरोबर १२:२६. गच्चीवर दोरीला ओळंबा टांगा, त्या क्षणी दोरीची सावली पडेल ती खरी उत्तर-दक्षिण रेषा. खडूने ओढा, संध्याकाळी पक्की करा. डिसेंबरात मिनिटाभराची चूक झाली तर रेषा अंशाच्या एक तृतीयांशाने ढळते, ते चालतं. मे ते ऑगस्ट हा प्रयोग करू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली असते, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, आजूबाजूच्या दिवसांत सावली बोटभर उरते आणि झपाट्याने वळते. शिवाय मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. जून महिन्यात सावलीवरून माउंट नेमका उलटा लावलेला एक विद्यार्थी मला भेटला होता, त्याचं गणित सगळं बरोबर होतं.

माउंट या रेषेवर ठेवा, पट्टीवर १७ आणि १८ च्या मधे दोन-तृतीयांशावर काटा आणा. पट्टीवर एका अंशापेक्षा जास्त विश्वास ठेवू नका. एवढं केलं की तुमची पाच अंशांची चूक एक-दीड अंशावर येते.

पुढे ध्रुवताऱ्याकडे. तो खरंच झाकलेला आहे का, ते आधी मोजा. तुमच्या डोळ्यांपेक्षा १० मीटर उंच इमारत ३१ मीटरच्या आत असेल तर ध्रुव तिच्यामागे गेला, त्याहून लांब असेल तर तो वर दिसायला हवा. गच्चीचा दुसरा कोपरा किंवा टाकीशेजारचा कट्टा एवढ्यानेही फरक पडतो. जुळे सोलापूरची दुसरी अडचण अशी की सगळं शहर तुमच्या उत्तरेला येतं. ध्रुवतारा नेमका शहराच्या उजेडात आणि धुळीत बुडतो, तो दुसऱ्या प्रतीचा तारा असूनही डोळ्यांना सापडत नाही. फाइंडरमधून (मोठ्या दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून) मात्र दिसतो. सप्तर्षी वर असतील तर त्यातल्या पुलह आणि क्रतू या ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे पाचपट वाढवा. हिवाळ्यात सप्तर्षी आपल्याकडे पूर्ण मावळतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या आधाराने शोधा. निरीक्षणाला बाहेर जायचं असेल तर विजापूर रस्त्याने दक्षिणेला जाण्यापेक्षा हिप्परग्याच्या पलीकडे उत्तरेला जा, शहराचा उजेड पाठीमागे राहतो आणि ध्रुवाकडचं आकाश मोकळं मिळतं.

ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे, हे तुम्हाला माहीत असेल. दोघांत सध्या सुमारे ३८ कलांचं अंतर आहे आणि ध्रुवतारा रोज त्या बिंदूभोवती एक छोटी फेरी मारतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास तो ध्रुवाच्या बरोबर वर असतो, त्यानंतर सुमारे बारा तासांनी बरोबर खाली. खरा ध्रुव ध्रुवताऱ्यापासून ध्रुवमत्स्यातल्या कोचाब ताऱ्याच्या दिशेला आहे, एवढं लक्षात ठेवलं तर ॲपशिवायही अंदाज येतो. पण कोचाब आपल्याकडे अर्धी रात्र क्षितिजाला लागलेला असतो, म्हणून ॲप बरं.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. डोळ्यांनी बघायचं असेल तर पोलरस्कोपची घड्याळं, वर्तुळं सोडून द्या. ध्रुवतारा मध्यावर आणा आणि शनीकडे वळा. चूक फार तर ३८ कलांची राहील, सरक मिनिटाला १० विकला, आणि तुमच्या आयपीसमध्ये शनी दोन तास टिकेल. घरच्यांना, शेजारच्या मुलांना रांगेत उभं करून शनी दाखवायला एवढं भरपूर आहे. फोटोला मात्र हे पुरत नाही. ७५० मिलिमीटरवर कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण एका विकलेचा असतो, मिनिटाभराच्या फोटोत १० विकलांची रेघ येणारच. तिथे चूक ५ कलांच्या आत आणावी लागते.

पोलरस्कोप वापरण्याआधी तो स्वतः सरळ आहे का, ते बघा. लांबच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा फुलीवर घ्या आणि माउंट विषुवांशाच्या अक्षावर (मोटार फिरवते त्या मुख्य अक्षावर) अर्धा फिरवा. दिवा फुलीवरून हलला तर पोलरस्कोपचे तीन छोटे स्क्रू ॲलन कीने थोडे थोडे फिरवून निम्मा फरक काढा, उरलेला निम्मा माउंटच्या बोल्टने, आणि पुन्हा तपासा. कारखान्यातून आलेले कित्येक पोलरस्कोप वाकडे असतात.

ध्रुव अजिबात दिसणारच नसेल तर ड्रिफ्ट पद्धत. ही मला सगळ्यात आवडते, कारण यात ॲप, कंपास, पट्टी कुणावरच भरवसा ठेवावा लागत नाही. तारा स्वतः सांगतो अक्ष कुठे आहे.

जानेवारीअखेर रात्री सव्वानऊ-साडेनऊला मृगाचा बाण याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आपल्या डोक्यापासून थोडा दक्षिणेला असतो. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा, जो सगळ्यात आधी उगवतो तो, खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमकं वरच्या आकाशातल्या रेषेला) अगदी चिकटून आहे. तोच घ्या. उन्हाळ्यात चित्रा, पावसाळ्यानंतर श्रवण, तेही चालतात. फुलीचा आयपीस लावा, नसेल तर दुप्पट मोठं दाखवणारं बार्लो भिंग आणि १० मिलिमीटरचा आयपीस. तारा मुद्दाम थोडा आउट ऑफ फोकस करा. त्याची छोटी चकती झाली की फुलीच्या तारेने तिचे दोन समान भाग होतात, आणि कणभर सरकलं तरी कळतं. कंट्रोलरची पूर्व-पश्चिम बटणं दाबून तारा एका तारेवरून धावेल असा आयपीस फिरवा. मग नळीला ध्रुवाच्या दिशेने हलकासा धक्का द्या. ज्या कडेने नवे तारे आत येतात ती उत्तर. हे कागदावर लिहून ठेवा, न्यूटोनियनमध्ये सगळं उलटं दिसतं आणि रात्री अकराला डोकं गोंधळतं.

आता चार मिनिटं हात लावायचा नाही. पूर्व-पश्चिम हालचालीकडे लक्ष देऊ नका, ती गिअरच्या दात्यांची असते. फक्त उत्तर-दक्षिण बघा. तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला आहे, माउंट पश्चिमेकडे वळवा. उत्तरेला सरकला तर उलट. आपल्या अक्षांशावर एक सोपा हिशोब बसतो: चार मिनिटांत एक कला सरक म्हणजे एक अंश चूक. सरक निम्मी, तर चूक निम्मी. त्या अंदाजाने आडवा स्क्रू फिरवा, तारा पुन्हा मध्यावर घ्या, पुन्हा चार मिनिटं.

डावी-उजवी जमली की पूर्वेला, क्षितिजापासून २०-२५ अंश वर, विषुववृत्ताजवळचा एखादा तारा घ्या. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, वर उचला. उत्तरेला सरकला तर खाली आणा. पूर्वेला इमारत असेल आणि पश्चिमेचा तारा घेतला तर हा नियम उलटा होतो, तेवढं विसरू नका. मग एकदा परत याम्योत्तरावर येऊन खात्री करा. पहिल्या रात्री दीड तास जाईल, तिसऱ्या-चौथ्या रात्री अर्धा.

गो-टूची (तारे आपोआप शोधून देणाऱ्या यंत्रणेची) दोन किंवा तीन ताऱ्यांची जुळणी केली म्हणजे पोलर अलाइनमेंट झाली, असं समजू नका. त्या जुळणीने यंत्राला तारे कुठे आहेत ते कळतं, पण अक्ष जिथे होता तिथेच राहतो. मात्र त्या जुळणीनंतर सिनस्कॅनच्या मेनूत पोलर अलाइनमेंटचा वेगळा पर्याय येतो, त्यात कंट्रोलर तारा थोडा बाजूला नेतो आणि तुम्ही बोल्ट फिरवून तो मध्यावर आणता. ध्रुव न दिसताही हे चालतं. कॅमेरा आणि लॅपटॉप आहेच तर निना या मोफत सॉफ्टवेअरचं तीन बिंदूंचं अलाइनमेंटही आकाशाच्या कुठल्याही तुकड्यावर होतं. शार्पकॅप या दुसऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ध्रुवाच्या पाच अंशांच्या आतलं आकाश लागतं, म्हणून वेगळा कॅमेरा घेण्याआधी त्याची पद्धत यातली कोणती आहे ते विचारा. ध्रुवाकडेच बघणारा असेल तर तुमच्या गच्चीवर ते पैसे वाया जातील.

मार्चनंतर गच्चीचा स्लॅब दिवसभराचं ऊन मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो, तारा फुलीवर नाचतो आणि ड्रिफ्ट वाचताच येत नाही. एप्रिल-मेत हे काम पहाटे करा, किंवा संध्याकाळी स्लॅबवर दोन बादल्या पाणी मारा.

अलाइनमेंट मनासारखी झाली की लगेच ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती ऑइलपेंटने गोल काढा आणि कोणता पाय कुठला तेही लिहा. छिन्नीने खुणा करू नका, वॉटरप्रूफिंग फुटेल. पायांची लांबी जिथे आवळली तिथेही पेंटची रेघ मारा. पुढच्या वेळी पाय त्याच गोलात ठेवलेत की चूक बहुतेक अर्ध्या अंशाच्या आत असते आणि ड्रिफ्टची एकच फेरी पुरते.

ट्रायपॉड फिरवून, सूर्याची रेषा आखून एकदा शनी बघा आणि मला दोनच गोष्टी कळवा: १० मिलिमीटरच्या आयपीसमध्ये तो मध्यापासून कडेला किती मिनिटांत गेला, आणि उत्तरेला गेला की दक्षिणेला. त्यावरून कोणता बोल्ट किती फिरवायचा ते मी सांगतो.